निमगोरी



पत्रिकेवर व्याख्यानाचा विषय म्हणून 'निमगोरी' एवढा एकच शब्द छापला गेला, तेव्हा वाचनालयाच्या कार्यवाहांना दोन फोन आले. एकाने विचारले, शब्द अर्धाच छापला गेलाय का? दुसऱ्याने विचारले, लावणीचा कार्यक्रम आहे का, आणि असेल तर घरच्यांना आणले तर चालेल का? दोघेही आज समोर बसले असतील तर त्यांची क्षमा मागतो. कार्यक्रम एका शब्दाचा आहे. तो तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरात कधी ना कधी उच्चारला गेला असेल, बहुधा स्वयंपाकघरात आणि जरा आवाज खाली आणून.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी आम्हाला चित्रकला शिकवत. त्यामुळे रंगाचा विषय घ्यायचा हे ठरलेले होते. कोणता रंग, हे ठरायला मात्र वेळ लागला. गुरुजींकडे मी येतोच, पण आधी माझ्या खिडकीकडे.

१९८४-८५ मध्ये मी एका दैनिकाच्या जिल्हा कचेरीत छोट्या जाहिरातींच्या खिडकीवर बसत असे. माणूस कागद पुढे करी, मी पेन्सिलीने शब्दाशब्दावर टिंब देत मोजणी करी, पैसे घेई, पावती फाडी. वीस शब्दांपर्यंत एक दर, पुढच्या प्रत्येक शब्दाला जादा. या दराने मराठीवर काय काय परिणाम केले याचा कुणीतरी अभ्यास करायला हवा. 'घरकाम चांगले येते' म्हटले की तीन शब्द झाले, 'गृहकृत्यदक्ष' म्हटले की एकात भागले. 'कसलेही व्यसन नाही' यापेक्षा 'निर्व्यसनी' स्वस्त. एरवी जन्मात समास न वापरणारी माणसे माझ्या खिडकीपाशी आली की पंडित होत.

एके दिवशी एक एसटी कंडक्टर आले. ड्यूटीवरून थेट, खाकी कपड्यांत, खांद्याला पैशांची कातडी पिशवी. थोरल्या मुलीसाठी 'वर पाहिजे'. वहीचा कागद, अक्षर सुबक. मी मोजले, एकवीस भरले. म्हणालो, "एक शब्द कमी करा, नाहीतर जादा पैसे पडतील." त्यांनी कागद दोनदा वाचला. जात, शिक्षण, उंची, सगळेच हवे होते. मग माझेच लक्ष गेले. त्यांनी 'निम गोरी' असे तोडून लिहिले होते. म्हटले, "हे जोडून लिहा. एकच शब्द आहे तो." ते खूश झाले. पेन्सिल मागून घेतली, दोन्ही तुकड्यांना खालून जोडणारी एक छोटी कमान काढली आणि तिथेच थांबले.

"मग साहेब, नुसतं 'गोरी' लिहिलं तरी एकच ना?"

"एकच."

पेन्सिल हातात धरून ते बराच वेळ उभे राहिले. मागे रांग होती, एक गृहस्थ 'जुनी सायकल विकणे आहे'चा कागद घेऊन खाकरत होते. शेवटी पेन्सिल परत देत कंडक्टर म्हणाले, "नको. लोक बघायला येणारच की."

निमगोरी या शब्दाचा याहून नेमका अर्थ मला नंतर कुठल्याही कोशात मिळाला नाही. बघण्याच्या कार्यक्रमात, दिवाणखान्यातल्या ट्यूबलाइटखाली, पोह्यांच्या बशा फिरत असताना जो दावा टिकेल तो निमगोरी. 'गोरी' म्हणण्यात खोटे पडायचा धोका होता, 'सावळी' म्हटले असते तर बघायला कुणी येण्याचाच भरवसा नव्हता. या दोहोंच्या मधली चिंचोळी वाट त्या एका शब्दाने धरली, आणि तीही वीस शब्दांच्या आत.

आता थोडे व्याकरण, पण थोडेच. 'नीम' हा फारसी शब्द, अर्थ अर्धा. 'गोरा' आपला, 'गौर'वरून आलेला. या जोडीला समास म्हणायचे की उपसर्ग लागलेला शब्द, यावर परीक्षेत एखाद्याचे दोन गुण जातील, आपले काही जात नाही. महत्त्वाचे एवढेच की शब्दाचा पुढचा भाग हलत नाही, मागचा हलतो : निमगोरा मुलगा, निमगोरी मुलगी, निमगोऱ्या मुली. मराठीत रंगाचे जे दुसरे जोडशब्द आहेत त्यांत बरोबर उलटे होते. काळाभोर, काळीभोर, काळेभोर. हिरवागार, हिरवीगार. तिथे रंग पुढे असतो, तो वाकतो, आणि शेपूट ताठ राहते.

ही शेपटे मोठी गमतीची आहेत. कोशात त्यांना 'अतिशयदर्शक' म्हणून मोकळे होतात. काळाभोर म्हणजे फार काळा, काळाकुट्ट म्हणजेही फार काळा, काळाकभिन्न म्हणजेही तेच. पण बोलताना कुणी यांची अदलाबदल करून पाहावी. केस काळेभोर, डोळे काळेभोर, पाण्याखालची जमीन काळीभोर. ज्याचा अभिमान वाटतो त्याला भोर. ढग आणि रात्र काळीकुट्ट, अंधार काळामिट्ट. खडक आणि अनोळखी धटिंगण काळाकभिन्न. पांढऱ्याचेही तसेच. धोतर पांढरेशुभ्र, पण वाईट तार वाचणाऱ्याचा चेहरा पांढराफटक. एखाद्याने 'पांढरेफटक धोतर' म्हटले तर त्या धोतरानेच वाईट तार वाचली की काय अशी शंका येईल. म्हणजे पहिला शब्द डोळ्याने पाहिलेले सांगतो आणि दुसऱ्यात बोलणाऱ्याचा जीव उतरतो. काही जोड्यांत तर दुसऱ्या शब्दाला सांगायला नवे काही नाहीच. पिवळाजर्दमधला 'जर्द' म्हणजे फारसीत पिवळाच. पांढराशुभ्रमधला शुभ्र म्हणजे पांढराच. कागदपत्र, बाजारहाट यांच्यासारखेच हे, एकाच अर्थाचे दोन शब्द गळ्यात गळा घालून चालतात.

मात्र माणसाच्या कातडीपाशी आलो की ही सगळी फौज हात आखडते. 'गोरीपान' आहे. 'काळीभोर' मात्र मुलीला म्हणत नाहीत. तिच्या वेणीला म्हणतात, तिच्या डोळ्यांना म्हणतात, तिच्या बापाच्या शेतालाही म्हणतात. तिला स्वतःला 'काळीसावळी' म्हणतात. हा जोडशब्द रंग वाढवत नाही, उतरवतो. काळी म्हणून झाल्यावर जीभ चावावी आणि लगेच सावळीची फुंकर घालावी, तसा. (पंढरीचा देव सावळा चालतो आणि सून सावळी चालत नाही, हे वाक्य इथे यायला हवे होते. तुम्ही ते शंभर भाषणांत ऐकले आहे. मी ते गाळतो.)

पुन्हा 'निम'कडे. अर्धा म्हणायला आपल्याकडे शब्दांची वाण नाही. 'अर्धगोरी' का म्हणत नाहीत? ऐकूनच एक गाल गोरा आणि एक काळा असे काहीतरी डोळ्यांसमोर येते. 'निम्मी गोरी' म्हटले तर वाण्याकडे मोजून आणल्यासारखे. 'निम' मात्र मोजत नाही. आपले एसटीवाले 'निमआराम' गाडी सोडत. त्या गाडीने ज्याने पुणे-कोल्हापूर केले आहे त्याला ठाऊक आहे, आराम नक्की किती हे विचारायचे नसते. साध्या गाडीपेक्षा तिकीट जास्त आणि सीटची पाठ जरा उंच, एवढ्यावर तो शब्द उभा होता. तसेच निमसरकारी, निमशहरी, निमलष्करी. आणि या सगळ्यांचा थोरला भाऊ निमहकीम, ज्याच्याकडे गेलात तर जिवाला धोका असे फारसी म्हणच बजावते.

या यादीकडे जरा तिरक्या नजरेने पाहा. निमसरकारी आहे, पण 'निमखाजगी' आपण सहसा म्हणत नाही. संस्था दोन्हींच्या मधलीच असते. निमशहरी आहे, पण तिथल्या माणसाने आपल्या गावाला 'निमखेडे' म्हटल्याचे कधी ऐकले नाही. निमआराम आहे, 'निमत्रास' नाही, आणि त्रासही तितकाच होता. 'निम' ज्याला चिकटतो ते बहुधा हवेसे असते. त्या गोष्टीच्या उंबऱ्यावर आपण पोचलो आहोत, आत घेतले नाही तरी ओटीवर बसलो आहोत, असे तो सांगतो. निमगोरी आहे, पण 'निमसावळी' नाही, 'निमकाळी' तर नाहीच नाही. माप एकाच टोकाकडून घेतले जाते. कंडक्टरसाहेबांच्या मुलीचा उरलेला अर्धा भाग कोणत्या रंगाचा, हे शब्द सांगत नाही आणि विचारणाऱ्यालाही ऐकायचे नसते.

हे सगळीकडे असेच असते असे मात्र समजू नका. ब्राझीलमध्ये १९७६ साली सरकारी सांख्यिकी संस्थेने एका पाहणीत लोकांना विचारले, तुमचा रंग तुमच्याच शब्दांत सांगा. सव्वाशेहून अधिक वेगवेगळी नावे आली. त्यांत 'मेयो-ब्रांका' होते, म्हणजे शब्दशः आपली निमगोरी. आणि त्याच यादीत 'मेयो-प्रेता'ही होते, म्हणजे निमकाळी. तिथे वर्णभेद नाही असे कुणी म्हणणार नाही, गुलामगिरी तिथे १८८८ पर्यंत कायद्याने चालू होती. पण निदान कुणा ना कुणाला आपले माप दुसऱ्या टोकाकडून घ्यावेसे वाटले. मराठीत तो शब्द जन्माला आला नाही. घडवायला काही अडचण नव्हती, नीमही होता आणि काळाही होता.

माझ्या खिडकीवर हाच शब्द आणखी एका वाटेने येत असे. पोलीस ठाण्यातून येणारी 'हरवले आहेत'ची निवेदने. वर्णन येणेप्रमाणे : रंग निमगोरा, बांधा मध्यम, चेहरा गोल, नाक सरळ, केस काळे, अंगात पांढरा शर्ट, नेसणीस काळी पँट. हे सगळे इतके ठरलेले असे की आमचा खिळे जुळवणारा निम्मे कागदाकडे न बघताच जुळवी. तारीख, नाव, गाव तेवढे बदलायचे.

कित्येकदा दोन्ही एकाच पानावर येत. वर 'वर पाहिजे, मुलगी निमगोरी', खाली 'हरवला आहे, रंग निमगोरा'. वरच्या निमगोरीत एका बापाची रात्रभरची काळजी आहे. खालच्या निमगोऱ्यात हवालदाराला पुढचा रकाना भरायची घाई आहे. इथे कुणाला कुणाची भलामण करायची नाही, म्हणून शब्दातली आशाही गळून पडते आणि उरतो फक्त सरासरी माणूस. या जिल्ह्यातल्या निम्म्या पुरुषांना लागू पडेल असे ते वर्णन. माणूस सापडत असे तो त्याच्या खालच्या ओळीमुळे : उजव्या हातावर 'आई' असे गोंदलेले, डाव्या भुवईवर जुन्या जखमेचा व्रण. रंगावरून कुणी सापडल्याचे माझ्या त्या नोकरीत तरी कानावर आले नाही. बरे, पुरुषाचा रंग छापला जायचा तो हरवल्यावर. लग्नाच्या जाहिरातीत त्याच्या रंगाच्या जागी पगार असे.

आता गुरुजी. आम्ही आठवीत होतो, एलिमेंटरीच्या परीक्षेची तयारी चालली होती. गुरुजींनी एके दिवशी स्थिरचित्राची मांडणी, तो तांब्या आणि ती दोन वांगी, बाजूला ठेवली आणि सांगितले, "आज प्रत्येकाने आपल्या हाताच्या पाठीचा रंग कालवायचा. कागदावर ठिपका द्यायचा आणि शेजारी हात ठेवून बघायचा. हात दिसेनासा झाला की रंग जमला."

आमच्या पेटीत 'स्किन कलर' नावाची एक वडी होती, पिकलेल्या पीचसारखी. पीच आम्ही कुणी पाहिलेले नव्हते. सगळ्यांनी आधी तिच्यावरच ब्रश मारला. हात शेजारी ठेवला तर तो ठिपका दुसऱ्याच कुणाचा वाटे. मग पांढरा घालून झाला, त्याने आणखी बिघडले. अर्ध्या तासाने कुणीतरी बर्न्ट सायना आणि यलो ऑकर एकत्र केले, आणि तिथून रंग जमू लागला. पण तरीही तो मेलेला वाटत होता. गुरुजींनी माझ्या ताटलीत ब्रशच्या टोकाने निळ्याचा एक थेंब टाकला. मी ओरडलो, "गुरुजी, निळा?" ते म्हणाले, "शिरा कुठल्या रंगाच्या आहेत ते बघ की." आणि खरेच, तो निळा मिसळला आणि कागदावरचा ठिपका माझ्या हातात विरघळला. मला वाटते, स्वतःच्या कातडीकडे तिचा रंग बघण्यासाठी म्हणून मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. तोवर तिचे नाव तेवढे ठाऊक होते.

तास संपताना गुरुजींनी सगळे कागद भिंतीला लावले आणि खाली रंगाचे नाव लिहायला सांगितले. आम्ही चाळीस जण. कागदांवर विटकरी होते, चिंचेच्या फोलपटासारखे होते, ओल्या मातीसारखे, गुळासारखे, चहासारखे होते. नावे मात्र वाचण्यासारखी होती. तिघा-चौघांनी 'गोरा' लिहिले होते, एकाने मोठ्या धैर्याने 'काळा', आणि बाकी जवळजवळ सगळ्या भिंतीने 'निमगोरा'. गुरुजी हसले नाहीत. एकेका कागदासमोर उभे राहून 'निमगोरा, निमगोरा' असे वाचत गेले, हजेरी घेतल्यासारखे. मग म्हणाले, "पेटीत निमगोऱ्याची वडी कुठंय दाखवा बरं मला." घंटा झाली आणि आम्ही पळालो.

वडी सापडणार नव्हती, याचे कारण पुढे मला एका त्वचारोगतज्ज्ञांकडे कळले. कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी, मेलॅनोसाइट, जगातल्या सगळ्या माणसांत जवळजवळ सारख्याच संख्येने असतात. फरक पडतो तो त्या किती मेलॅनिन करतात, त्याचे कण केवढे असतात आणि ते कातडीत कसे पसरतात यात. म्हणजे शरीरात असलेला पदार्थ म्हणजे हा गडद रंग, आणि तो उन्हातल्या अतिनील किरणांना अडवायच्या कामी येतो. गोरेपणा नावाचा कुठलाच पदार्थ शरीरात नाही, मेलॅनिन कमी असले की जे दिसते ते गोरे. आपण माप घेतो ते नसलेल्या गोष्टीचे. मडके किती रिकामे आहे यावरून पाण्याचा भाव ठरवावा, तसे.

शास्त्रज्ञांनीही मोजायचे प्रयत्न केले. फेलिक्स फॉन लुशान यांनी काचेच्या ३६ तुकड्यांची एक रंगपट्टी केली होती. ती हाताशेजारी धरायची आणि नंबर लिहायचा, गुरुजींच्या तासासारखेच. पण दोन माणसे एकाच हाताला दोन नंबर देऊ लागली, आणि परावर्तित प्रकाश मोजणारी यंत्रे आल्यावर ती पट्टी मागे पडली. १९७५ मध्ये हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी वेगळीच युक्ती काढली. त्यांना सोरायसिसच्या रुग्णांना प्रकाशाचा किती डोस द्यायचा ते ठरवायचे होते. रंग बघण्यापेक्षा त्यांनी रुग्णाला विचारले : उन्हात गेलात की कातडी भाजते, की रापते? त्यातून पुढे कातडीचे सहा प्रकार झाले, आपण मंडळी बहुतेक चौथ्या-पाचव्यात बसतो. मला ती पद्धत आवडते. तिथे कुणीही कुणाचा अर्धा नसतो.

योगायोग असा की त्याच १९७५ साली आपल्याकडे 'फेअर अँड लव्हली' बाजारात आली. निमगोरीला पूर्ण करण्याचे आश्वासन ट्यूबमध्ये भरून मिळू लागले. पुढची पंचेचाळीस वर्षे ते नाव टिकले. २०२० मध्ये कंपनीने 'फेअर' काढून 'ग्लो' घातले. त्याच सुमारास शादी डॉट कॉमने जोडीदार शोधताना कातडीच्या रंगावरून चाळणी लावायची सोय, लोकांनी तक्रार केल्यावर, काढून टाकली. आपल्या बायोडेटात मात्र 'वर्ण' हा रकाना अजून आहे. या एका शब्दात मराठीने रंग, अक्षर आणि चातुर्वर्ण्य तिन्ही कोंबले आहेत. जाहिरातीतले शब्द मोजणाऱ्या माणसाला याचेही कौतुक वाटते. हल्ली त्या रकान्यात 'व्हीटिश' लिहितात. म्हणजे गव्हाळ. पण कुठला गहू? लोकवन, बन्सी की खपली? खपलीची पोळी ज्याने खाल्ली आहे त्याने हसू आवरावे.

शब्द मरावा असे मी म्हणणार नाही. शब्द माणसांच्या गरजेने जगतात, व्याख्यानाने मरत नाहीत. आणि या शब्दावर माझा रागही नाही. त्या कंडक्टरांनी त्या दिवशी 'गोरी' लिहिले असते तर कुणी त्यांना विचारायला गेले नसते. त्यांनी मधली कमान काढून प्रामाणिकपणा सांभाळला, आणि त्यासाठी भाषेने त्यांना जो एक शब्द दिला तो त्यांनी वापरला. जाहिरात रविवारी छापून आली, वीस शब्दांत. ती मुलगी कशी होती हे मला ठाऊक नाही. तिचे शिक्षण त्या कागदावर होते, आणि ते तिच्या रंगानंतर होते.

या सभागृहात पुढच्या लग्नसराईसाठी बायोडेटा करायला घेतलेले चार-दोन जण तरी असतीलच. त्यांना एक विनंती. बायोडेटाला आता फोटो जोडलेला असतो आणि शब्दाला पैसे पडत नाहीत. रंगाची ओळ काढून टाका. आणि उंची तेवढी खरी लिहा.